शब्दाचे वजन

रविवारची मिस्सा आटोपून लोक चर्चच्या पटांगणात रेंगाळतात, तेव्हा ज्यांची मुले परदेशी आहेत अशा आईबापांची विचारपूस हटकून होते. आखातात गेलेल्याची चौकशी दोन वाक्यांत संपते. पगार किती आणि सुट्टी कधी, एवढेच विचारायचे असते. परंतु अमेरिकेत गेलेल्या डॉक्टर मुलामुलींची गोष्ट तशी संपत नाही. ‘डॉक्टर झाली ना ती? मग अजून शिकतेच कशी?’ हा प्रश्न आमच्या भाचीसंबंधाने आम्हांस इतक्या जणांनी विचारला आहे, की तिच्या आईने उत्तर देण्याचे काम अलीकडे आमच्याकडेच सोपविले आहे. ‘तू फादर आहेस, तुला समजावून सांगायची सवय आहे,’ असे तिचे म्हणणे! पटांगणात पाच मिनिटांत जे सांगता येत नाही ते इथे निवांतपणे सांगावे, या हेतूने हे लिहीत आहोत. आणखी दोन-तीन घरांतील मुले याच वाटेवर निघण्याच्या तयारीत आहेत, हेही एक कारण आहे.

शिक्षण लांबते याचे आम्हांस स्वतःला फारसे नवल वाटत नाही. आम्ही गोरेगावच्या सेमिनरीत होतो तेव्हा आधी तत्त्वज्ञान, नंतर ईशज्ञान, मध्ये अनुभवाचे एक वर्ष, असे करता करता आमच्या वाडीतील सवंगड्यांची लग्ने होऊन त्यांची मुले शाळेत जाऊ लागली, तरी आमची गुरुदीक्षा झालेली नव्हती. ‘तुमचा मुलगा नापास होतो की काय?’ असे आमच्या आईला एका शेजारणीने भाबडेपणाने विचारले होते. तेव्हा भाचीची बाजू मांडण्याचा आम्हांस थोडा अधिकार आहे, असे आम्ही समजतो.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही, की आपल्याकडील वैद्यकीय पदवी अमेरिकेत नेली म्हणजे तेथे रोगी तपासता येतो असे नाही. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची पारख करण्यासाठी तेथे १९५६ साली एक संस्था निघाली. ‘ईसीएफएमजी’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते व तिचे ठाणे फिलाडेल्फियात आहे. तिचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी परीक्षा द्याव्या लागतात. प्रमाणपत्र हाती आल्यावर रुग्णालयात ‘रेसिडेन्सी’ नावाचे प्रशिक्षण मिळवावे लागते. भारतात एमडी होऊन पाच वर्षे दवाखाना चालविलेल्या माणसालाही बहुधा तेथे पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. १९६५ साली अमेरिकेने परदेशीयांविषयीचा कायदा बदलला आणि आपल्याकडच्या डॉक्टरांचा ओघ सुरू झाला. आज तेथील दर चार डॉक्टरांपैकी सुमारे एक जण अमेरिकेबाहेर शिकलेला आहे आणि त्यांत भारतातून गेलेल्यांची संख्या सर्वांत मोठी आहे. म्हणजे दार बंद नाही. पण उंबरठे पुष्कळ आहेत.

आमची भाची मुंबईच्या एका महाविद्यालयातून डॉक्टर झाली. २०१८ साली तिची इंटर्नशिप संपली. पुढली दोन वर्षे ती वसईच्या घरात, माळ्यावरच्या खोलीत, सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत वाचीत असे. लग्नाला नाही, साखरपुड्याला नाही, एका नाताळात तर मध्यरात्रीची मिस्सा संपताच केकचा तुकडा तोंडात घालून पुन्हा माळ्यावर. तिच्या वेळी पहिल्या परीक्षेला आकड्यांत गुण मिळत आणि त्या आकड्यावर पुढचे बरेच अवलंबून असे. २६ जानेवारी २०२२ पासून त्या परीक्षेचा निकाल केवळ ‘उत्तीर्ण’ वा ‘अनुत्तीर्ण’ एवढाच देतात. साहजिकच दुसऱ्या परीक्षेच्या गुणांचे महत्त्व वाढले. आणखी एक परीक्षा होती, प्रत्यक्ष रोगी तपासण्याची. ती अमेरिकेतील पाचच शहरांत होत असे, म्हणून केवळ त्यासाठी विमानाने जावे लागे. महासाथीत ती स्थगित झाली व २०२१ च्या जानेवारीत कायमची बंद करण्यात आली. भाचीने ती २०१९ मध्येच दिली होती. त्या खेपेस तिच्या वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीला मोठे भगदाड पडले, हे ती बापलेक कोणाला सांगत नाहीत. आम्ही सांगत आहोत, कारण या वाटेचा खर्च आधी कोणी मोकळेपणाने सांगत नाही.

त्यानंतर ‘मॅच’. मुलीने रुग्णालयांची यादी आपल्या पसंतीच्या क्रमाने द्यायची, रुग्णालयांनी उमेदवारांची यादी द्यायची आणि संगणकाने जोड्या जुळवायच्या. मार्च महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी कोणाला कुठे जागा मिळाली ते कळते. बिगर अमेरिकी, परदेशी शिकलेल्या उमेदवारांपैकी दहांतून साधारण सहांनाच अलीकडच्या वर्षांत जागा मिळत आली आहे. उरलेले चौघेही परीक्षा उत्तीर्ण झालेले असतात, हे विसरता कामा नये. २०२१ च्या मार्चमध्ये भाचीला एका मध्यम शहरातील रुग्णालयात ‘इंटर्नल मेडिसिन’ची तीन वर्षांची जागा मिळाली. घरी पेढे वाटले गेले. आमच्या बहिणीला वाटले, गाडी मुक्कामाला पोहोचली.

ती पोहोचलेली नव्हती, कारण मुलीला हृदयरोगतज्ज्ञ व्हायचे होते. त्यासाठी रेसिडेन्सीनंतर ‘फेलोशिप’ करावी लागते. हृदयरोगाची तीन वर्षे, पोटाच्या विकारांचीही तीन, मूत्रपिंडाची दोन, संसर्गजन्य रोगांची दोन, वृद्धांच्या वैद्यकाचे एक. हृदय आणि पोट या दोन शाखांना झुंबड असते, जागांहून उमेदवार बरेच अधिक. मूत्रपिंडाच्या किंवा वृद्धांच्या शाखेत मात्र दरवर्षी जागा रिकाम्या राहतात. मधुमेहाने घरोघरी मूत्रपिंडे निकामी होत असताना असे व्हावे, याचे आम्हांस वाईट वाटते. पण तरुणांना दोष देण्याआधी कोणत्या कामाला किती मान व किती दाम मिळतो तेही पाहिले पाहिजे.

या झुंबडीत परदेशी शिकलेला उमेदवार उणा कुठे पडतो? आम्ही भाचीला हे खोदून खोदून विचारले. तिचे उत्तर आम्हांस अनपेक्षित होते. ‘मामा, परीक्षेच्या गुणांनी मी दारापर्यंत आले. आत कोणाला घ्यायचे ते आता गुणांवर ठरत नाही. सगळ्यांचेच गुण चांगले असतात. मला रात्री तीन वाजता काम करताना कोणी पाहिले आहे आणि तो माझ्याविषयी काय लिहितो, यावर ठरते.’

मोठ्या विद्यापीठाच्या रुग्णालयातून रेसिडेन्सी केलेल्याला हे सोपे जाते. तेथे हृदयरोगाचा विभाग असतो, नाव असलेले प्राध्यापक असतात, संशोधन चालू असते आणि फेलोशिपची जागाही पुष्कळदा त्याच इमारतीत असते. आपल्या घरच्या माणसाला आधी पाहणे ही रीत तेथेही आहेच. परदेशी शिकलेल्यांना बहुधा लहान रुग्णालयांत जागा मिळते. भाचीच्या रुग्णालयात हृदयरोगाची फेलोशिप नव्हती. हृदयरोगाचे मोजकेच डॉक्टर, तेही दिवसभर रोग्यांत बुडालेले. त्यांच्यापैकी एका वयस्कर डॉक्टरांबरोबर ती आपल्या सुटीच्या दिवशीही फेरीला जाऊ लागली. पहिले सहा महिने त्यांनी तिला नावाने हाक मारली नाही. सातव्या महिन्यात एका रोग्याच्या छातीचा आवाज ऐकून तिने झडपेच्या विकाराचे निदान सांगितले, तपासणीत ते बरोबर निघाले, आणि त्या दिवसापासून ते तिला स्वतःहून बोलावू लागले. आपल्याकडच्या गर्दीच्या सरकारी वॉर्डांत यंत्राची वाट न पाहता कानाने निदान करायला ती शिकली होती. ते तिथे असे कामी आले, हे ऐकून आम्हांस फार बरे वाटले.

शिफारसपत्रांविषयी थोडे अधिक लिहावयास हवे, कारण इथेच आपल्या लोकांची समजूत सर्वांत अधिक चुकते. अर्जासोबत चारपर्यंत पत्रे देता येतात. एक रेसिडेन्सीच्या प्रमुखांचे असावेच लागते. पत्र लिहिणारा ते परस्पर पाठवितो आणि उमेदवार आपण ते वाचणार नाही असे बहुधा लिहून देतो. आपल्याकडे काय चालते ते वाचकांना ठाऊक आहे. पत्र आपणच लिहून न्यायचे, मोठ्या साहेबांनी सही करायची आणि साहेब जितके मोठे तितके पत्र वजनदार! तिकडे याच्या उलट. ज्याने फारसे पाहिलेले नाही अशा नामवंताच्या पत्रापेक्षा, रोज पाहणाऱ्या साध्या डॉक्टराच्या तपशीलवार पत्राला किंमत अधिक. ‘ही मेहनती व सुस्वभावी आहे’ एवढेच लिहिलेले पत्र तर उमेदवाराचे नुकसानच करते. त्याचा अर्थ, लिहिणाऱ्याला सांगण्यासारखे काही आढळले नाही, असा घेतला जातो.

हे वाचताना आमच्या मनात आमच्याच कार्यालयातील कपाट आले. धर्मगुरूला वर्षभर दाखले द्यावे लागतात. चारित्र्याचे, वर्तणुकीचे, नोकरीसाठी, घर भाड्याने घेण्यासाठी. ‘मी यांस चांगला ओळखतो’ हे वाक्य आमच्या लेखणीतून शेकड्यांनी गेले असेल. ज्याच्या घरी जेवलो, ज्याच्या बापाला अखेरचा अभ्यंग दिला, त्याच्याविषयी हे वाक्य लिहिताना लेखणी अडखळत नाही. पण नुकत्याच राहायला आलेल्या भाडेकरूविषयी लिहिताना अडखळते. आमच्या बहिणीने एकदा सुचविलेही, ‘तुझ्या लेटरहेडवर एक पत्र दे ना तिला. तुझ्या शब्दाला वजन आहे.’ आम्ही म्हटले, ‘ताई, आमच्या शब्दाचे वजन वसईच्या खाडीपर्यंत. तिथे ज्या डॉक्टरांनी तिला पाहिले त्यांचाच शब्द चालेल.’ ताई दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

दुसरी बाब संशोधनाची. अर्जात प्रसिद्ध झालेले लेख, परिषदांत मांडलेले निबंध यांची यादी द्यावी लागते. लहान रुग्णालयात प्रयोगशाळा नसते, निधी नसतो. मग एखाद्या विलक्षण रोग्याची हकिकत नीट लिहून प्रसिद्ध करणे, रुग्णालयातील जुन्या नोंदी चाळून एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधणे, असे मार्ग उरतात. भाचीने हृदयविकाराने दाखल झालेले रोगी घरी गेल्यावर महिन्याभरात पुन्हा का परततात, याचा दोन वर्षांच्या नोंदींवरून अभ्यास केला. कित्येकांना औषधे परवडत नव्हती, कित्येकांना चिठ्ठी वाचता येत नव्हती. निबंध लहानच झाला, परंतु मुलाखतीत प्रत्येकाने त्याविषयीच विचारले, कारण त्याविषयी ती तासभर बोलू शकत होती.

याच बाबतीत एक काळी बाजूही आहे. पैसे घेऊन निबंधात नाव घालून देणारे दलाल या क्षेत्रात बोकाळले आहेत. ओळखीपाळखीने एकमेकांची नावे घालण्याचा व्यवहार तर त्याहून सर्रास चालतो. आमच्या भाचीला तिच्याच बरोबरीच्या एकाने असे सुचविले होते. पाच जण, पाच निबंध, प्रत्येकात पाचही नावे, काम एकेकाचेच. ती नाही म्हणाली. त्या मुलाच्या यादीत पुढे वीसांवर निबंध झाले व त्याला पहिल्याच वर्षी जागा मिळाली, हेही सांगितलेच पाहिजे. नाही तर आम्ही गोष्ट गोड करून सांगितल्यासारखे होईल. परंतु एकट्याच्या लबाडीने पुष्कळांच्या नावाला बट्टा लागतो, हेही तितकेच खरे. २०२४ च्या जानेवारीत नेपाळशी संबंध असलेल्या शेकडो परीक्षार्थींचे गुण, प्रश्न आधी फुटल्याच्या संशयावरून, रद्द ठरविण्यात आले. त्यांत प्रामाणिकपणे माळ्यावर बसून वाचलेले कितीक असतील! परक्या देशात उमेदवार स्वतःच्या नावाबरोबर आपल्या गावाचे, देशाचे नावही घेऊन उभा असतो.

२०२३ च्या जुलैत भाचीने अर्ज केला. परदेशी उमेदवाराला इथे आणखी एक चाळणी असते ती व्हिसाची. काही रुग्णालये कोणत्याच व्हिसाच्या उमेदवाराला घेत नाहीत. काही केवळ ‘जे-वन’ घेतात. अर्ज उघडण्यापूर्वीच यादी निम्मी होते. तिला चार मुलाखती आल्या आणि वर्षअखेरीस निकाल लागला तेव्हा जागा मिळाली नाही. त्यानंतर महिन्याभरातच आमचे वडील, म्हणजे तिचे आजोबा, वारले. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन वाडीत केळी दाखवीत हिंडणारे हेच. ती आली नाही. आली असती तर व्हिसाचा शिक्का नव्याने घ्यावा लागला असता, तो वेळेवर मिळण्याची खात्री नव्हती, आणि वेळेवर परतली नसती तर रेसिडेन्सीच धोक्यात आली असती. अंत्यविधीची मिस्सा तिने फोनवर पाहिली. वेदीवर आम्हीच होतो. गावात कुजबुज झाली, ‘एवढी शिकली, पण आजोबाला माती द्यायला आली नाही.’ ज्यांनी ती कुजबुज केली त्यांतील काही जण हे वाचीत असतील. त्यांच्यावर राग नाही. परंतु त्या मुलीच्या जागी उभे राहून पाहावे, एवढी विनंती आहे.

पुढचे वर्ष ती त्याच रुग्णालयात ‘चीफ रेसिडेंट’ म्हणून राहिली. नवख्या डॉक्टरांना शिकवायचे, पाळ्या लावायच्या, भांडणे मिटवायची. थोडक्यात, आमच्यासारखेच काम! वर्ष वाया गेले असे घरच्यांना वाटले. पण त्याच वर्षी त्या वयस्कर डॉक्टरांना तिच्याविषयी दुसऱ्यांदा, अधिक विस्ताराने लिहिता आले.

२०२४ च्या जुलैत पुन्हा अर्ज. या खेपेस मुलाखती नऊ आल्या आणि घरात नवाच तंटा सुरू झाला. पसंतीच्या यादीत पहिले कोणते? आमच्या मेव्हण्यांचे नातेवाईक न्यू जर्सीत असल्यामुळे ताईच्या मते तिकडचेच रुग्णालय पहिले हवे. कोणी सांगे, मोठ्या नावाचे वर घालू नकोस, ते तर मिळणार नाहीच आणि खालचेही हातचे जाईल. हा दुसरा सल्ला मात्र साफ चुकीचा आहे. जोड्या जुळविण्याच्या या रीतीमागे फार सुंदर गणित आहे. गेल आणि शॅपली या दोघांनी १९६२ साली ते मांडले, तेही विवाह जुळविण्याचे उदाहरण घेऊन! पुढे रॉथ यांनी अमेरिकेतील डॉक्टरांच्या निवडीसाठी त्याची सुधारित मांडणी केली. रॉथ व शॅपली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. उमेदवाराची पहिली पसंती आधी विचारली जाते. ती जमली नाही तर दुसरी, मग तिसरी. कोणाचीही जागा शेवटपर्यंत पक्की धरली जात नाही, अधिक पसंतीचा उमेदवार आला तर आधीच्याला सोडता येते. म्हणून आधी अवघड जागा मागितली यासाठी कोणाचेही पुढे नुकसान होत नाही. मनात जो क्रम आहे तोच खरेपणाने लिहिणे, यातच उमेदवाराचे हित. आयुष्यातील पुष्कळ निवडींत मन एक सांगते आणि माणूस हिशेब करून दुसरेच लिहितो. ज्या पद्धतीत खरे बोलणाऱ्याचे नुकसान होऊच नये अशी तजवीज माणसांनी विचारपूर्वक केली, तिचे आम्हांस मोठे अप्रूप वाटते.

तरी मनात काय आहे ते आधी कळावे लागतेच. भाचीने दोन रात्री आमच्याशी फोनवर बोलून तो क्रम ठरविला. आम्ही सल्ला दिला नाही, प्रश्न तेवढे विचारले. न्यू जर्सी पाचव्या क्रमांकावर गेली. तिसऱ्या क्रमांकाची जागा मिळाली. थंड प्रदेशातले शहर आहे; आपले माणूस जवळपास नाही. २०२५ च्या जुलैपासून ती तेथे शिकत आहे.

आता एका कागदाविषयी, जो कोणी वाचीत नाही. ‘जे-वन’ व्हिसावर वैद्यकीय प्रशिक्षण घेणाऱ्यास स्वदेशाच्या आरोग्य मंत्रालयाचे पत्र लागते. या शाखेच्या तज्ज्ञांची आमच्या देशाला गरज आहे, आणि प्रशिक्षण संपताच आपण परत येऊ असे या व्यक्तीने सरकारला लेखी कळविले आहे, असा त्याचा आशय असतो. एकूण प्रशिक्षण साधारणपणे सात वर्षांत संपवायचे. तीन, एक आणि तीन, अशी भाचीची सात वर्षे २०२८ मध्ये पुरी होतील. त्यानंतर दोन वर्षे मायदेशी राहिले पाहिजे, असा नियम. त्यातून सूट मिळण्याचा एक मार्ग १९९४ पासून आहे. जेथे डॉक्टर मिळत नाहीत अशा अमेरिकेतील भागात तीन वर्षे काम करायचे. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा तीस जागा. पुष्कळ जण हाच मार्ग धरतात. तेथील खेड्यांतही माणसेच राहतात व त्यांनाही छातीत कळ येते, म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. शिवाय तो मार्ग कायद्यानेच ठेवलेला आहे.

तथापि आम्ही भाचीला विचारले, ‘बाळ, ते पत्र मागताना तू काय लिहून दिलेस, आठवते का?’ फोनवर बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, ‘आठवते, मामा. पहिल्या वेळी न वाचताच सही केली होती. सगळेच करतात. हृदयरोगासाठी पुन्हा पत्र घ्यावे लागले, तेव्हा मात्र वाचून केली.’ पुढे काय करणार, हे आम्ही विचारले नाही.

गेल्या महिन्यात तिनेच एक काम सांगितले. वसईपासून डहाणूपर्यंत हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी कोठे कोठे होते, रात्री-अपरात्री रोगी आला तर त्याला मुंबईस पोहोचायला किती वेळ लागतो, आणि रुग्णवाहिका कोठे उभ्या असतात, याची माहिती तिला हवी आहे. आम्ही दोन-चार डॉक्टरांकडे चौकशी सुरू केली आहे. वाचकांपैकी कोणास ठाऊक असेल तर त्यांनी कळवावे. तिच्या आईला यातले काही बोललेलो नाही, कारण ताई लगेच माळ्यावरची खोली झाडायला घेईल.